मेथीच्या लाडवावरची लवंग

पोलीस अधिकाऱ्याच्या नोकरीत एखादाच तपास असा येतो, जो त्याची गुन्ह्याकडे, माणसाकडे आणि मरणाकडे पाहण्याची नजर कायमची बदलून टाकतो. माझ्या वाट्याला आलेला तो तपास मी अजून विसरलेलो नाही. त्यातल्या मुद्देमालाला मुंग्या लागल्या होत्या आणि मुद्देमाल कारकुनाने 'याचं काय करायचं' असं मला लेखी विचारलं होतं.

मी तेव्हा पिंपरी-चिंचवड आयुक्तालयातल्या एका ठाण्यात पोलीस निरीक्षक (गुन्हे) होतो. हद्द चिखलीकडची. एका बाजूला नव्या सोसायट्या, त्यांच्या पाठीला पाठ लावून पत्र्याच्या शेड, आणि त्या शेडमध्ये चाकणच्या कंपन्यांसाठी ठोकले जाणारे सुटे भाग. सोसायटीवाले आवाजाची तक्रार घेऊन येत, शेडवाले सोसायटीच्या गाड्यांची. दोघांनाही आम्ही चहा पाजून परत पाठवायचो. ठाण्याचं निम्मं काम चहावर चालतं. उरलेलं निम्मं चहा आणायला गेलेला माणूस परत आल्यावर सुरू होतं.

त्या दिवशी हजेरी आटोपून मी आदल्या दिवसाची स्टेशन डायरी चाळत होतो, तेव्हा चिंचवडच्या एका खासगी हॉस्पिटलातून फोन आला. बोलणाऱ्या बाई तिथल्या अतिदक्षता विभागाच्या प्रमुख डॉक्टर. त्यांची माझी तोंडओळख होती, कारण काही दिवसांपूर्वी त्यांच्याकडून आमच्याकडे एक एमएलसी आली होती. अपघात, मारहाण, विषबाधा असं काही असलं की हॉस्पिटल पोलिसांना कळवतं, त्याला आम्ही एमएलसी म्हणतो. प्रकरण साधं होतं. पत्रा दाबून भाग काढणाऱ्या प्रेस शॉपमध्ये काम करणाऱ्या पंचविशीच्या एका तरुणाच्या नडगीला पत्र्याची धार लागली. जखम बोटभर. त्याने फडकं बांधलं आणि ओव्हरटाइम केला. पाय सुजला, तरीही ओव्हरटाइम केला. शेवटी मशीनजवळच कोसळला, तेव्हा जंतू रक्तात पसरले होते आणि नाडी हाताला लागत नव्हती. डॉक्टरीणबाईंनी त्याला कसाबसा ओढून काढला. ताप उतरला, शुद्ध आली, साध्या वॉर्डात हलवला. आम्ही जबाब घेतला आणि कागद शेडमालकाविरुद्धच्या निष्काळजीपणाच्या फायलीला लावले.

"इन्स्पेक्टर साहेब," बाई म्हणाल्या, "तुमचा तो प्रेस शॉपवाला पुन्हा खाली चाललाय."

"जखम चिघळली?"

"जखम भरतेय. आता छातीत नवा संसर्ग आहे. पण त्यासाठी मी पोलिसांना कशाला फोन करीन? माझ्या वॉर्डात त्याला कुणीतरी अफूच्या कुळातलं औषध देतंय. मी लिहून दिलेलं नाही, माझ्या नर्सनी दिलेलं नाही. लघवीची खास तपासणी करून घेतली, त्यात सापडलंय."

"दाखल होण्याआधी घेतलेलं असेल."

"इतके दिवस ते अंगात राहत नाही. रोज दिलं जातंय. मला दोन गोष्टी शोधून द्या. काय देतात आणि आधीपासून किती घेत होता. कोण देतं ते मला नाही सांगितलंत तरी चालेल."

आरोपीत रस नसलेला फिर्यादी मला पहिल्यांदाच भेटत होता. मी गाडी काढली.

डॉक्टरीणबाई म्हणजे पायात धावण्याचे बूट घातलेली, किरकोळ बांध्याची, पन्नाशीची बाई. त्यांच्या टेबलावर नेहमी एक अर्धा चहा असायचा आणि तो कधीच पुरा होत नसे. त्यांनी मला वॉर्डात नेऊन पेशंट दाखवला. नाकाला ऑक्सिजन, डोळे अर्धवट मिटलेले. बाईंनी त्याच्या पापण्या उघडून टॉर्च मारला. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या.

"हे कळायला तपासणीचीही गरज नव्हती," त्या म्हणाल्या. "श्वास बघा किती सावकाश घेतोय. खोकून कफ बाहेर टाकायचा, तेवढीसुद्धा जाग नाही त्याला."

"मग सगळ्या भेटायला येणाऱ्यांना आजपासून बंदी करा. प्रश्न मिटला."

"मिटला नाही, वाढला. बसा, सांगते."

त्यांनी जे सांगितलं ते मी माझ्या समजुतीप्रमाणे लिहितो. चुका माझ्या. मोठा संसर्ग झाला की शरीर पहिल्या झटक्यात आपली सगळी फौज रस्त्यावर काढतं. त्या हाणामारीत जंतू मरतात आणि घराच्या काचाही फुटतात. पेशंट त्यातून वाचला, ताप उतरला, की नातेवाईक पेढे वाटतात. पण फौज तेव्हा दमून बसलेली असते. एरवी ज्या जंतूंना शरीर हिंग लावूनही विचारत नाही, तेही अशा वेळी आत शिरतात. म्हणून कितीतरी पेशंट पहिल्या संसर्गातून वाचतात आणि दुसऱ्यात जातात.

"आता त्यात ही औषधं घाला," बाई म्हणाल्या. "जंतू गिळणाऱ्या पेशी सुस्तावतात. आतडं मंदावतं, आतड्यातले जंतू रक्तात यायला वाट मिळते. दुखणं कळत नाही, म्हणून पाय सुजला तरी हा कामाला उभा राहिला असणार. सगळ्या गोळ्या सारख्या नसतात आणि माणसाच्या बाबतीत आम्हाला अजून पुष्कळ शिकायचंय. पण ज्याची फौजच संपलीय त्याच्यावर मी प्रयोग करणार नाही."

"म्हणजे सगळं ठाणं बंदोबस्ताला पिटाळलंय, मागे एकटा ठाणे अंमलदार उरलाय, आणि त्याच्या चहात कुणीतरी झोपेचं औषध घातलंय," मी म्हणालो.

बाई प्रथमच हसल्या. "हे चांगलंय. मी विद्यार्थ्यांना सांगीन."

"मग बंदी का नको?"

"कारण तो रोज किती घेत होता ते मला माहीत नाही. अनेक महिन्यांची सवय असेल आणि मी एकदम तोडली, तर शरीराला तो आणखी एक धक्का. आत्ता त्याच्यात धक्का सोसायची ताकद नाही. मोजून कमी करायला हवं, आणि मोजायला आकडा हवा. संध्याकाळपर्यंत द्या."

"त्याला विचारलं नव्हतं?"

"दाखल झाला तेव्हा विचारलं. म्हणाला, मॅडम, मी सुपारीसुद्धा खात नाही."

ठाण्यात परतलो तर शेडमालक वाट पाहत बसलेले. सोबत त्या भागाचे एक कार्यसम्राट होते. कार्यसम्राट ही पदवी कोण देतं हे मला निवृत्तीनंतरही कळलेलं नाही. बहुधा फ्लेक्स छापणारा देत असावा. मालक हळहळत म्हणाले, "साहेब, पोरगा वाईट नव्हता, पण नशा करायचा. आता नशेत माणसाचा पाय मशीनला लागला, तर त्यात मशीनची काय चूक?"

"अगदी बरोबर," कार्यसम्राट म्हणाले. "युवा पिढीला व्यसनाने पोखरलंय. आम्ही रॅली काढतोय."

मला मालकांचा संशय आला, हे कबूल करतो. पेशंटच्या रक्तात नशेचा पदार्थ सापडला तर निष्काळजीपणाचं लचांड सुटणार होतं ते यांचंच. मी विचारलं, "हॉस्पिटलात भेटायला गेला होता का?"

"वेळच नाही मिळाला, साहेब."

तेवढं मात्र खरं निघालं. वॉर्डाच्या दारावरच्या सुरक्षारक्षकाने छातीठोक सांगितलं, की शेठ एकदाही फिरकलेले नाहीत. येतात ती फक्त रूमवरची पोरं आणि मावशी.

मावशी म्हणजे चिखलीत खानावळ चालवणारी साठीची बाई. मूळ बीडकडची. नवरा गेल्यावर मुलाच्या मागे इकडे आली, मुलगा पुढे नोकरीसाठी गुजरातेत गेला, ही राहिली. मराठवाड्यातून आलेली, एका खोलीत पाच-सहा जण राहणारी कारखान्यातली पोरं तिच्याकडे जेवत. हा पेशंटही त्यातला. रक्ताचं नातं काहीच नाही. हॉस्पिटलच्या कागदावर नातेवाईक म्हणून अंगठा मात्र तिचा. सुरक्षारक्षकही तिच्याकडेच जेवत असल्यामुळे तिच्यासाठी भेटीच्या वेळा वगैरे काही नव्हत्या.

मी आमच्या हवालदारबाईंना साध्या साडीत वॉर्डात बसवलं. त्या मूळच्या मावळातल्या एका जुन्या घरातल्या, तीन पोरांच्या आई. साध्या वेशात त्या इतक्या साध्या दिसायच्या की आमचेच लोक त्यांना 'बाई, तक्रार आहे का' असं विचारत. शेजारच्या खाटेवरच्या आजींची सून म्हणून त्या बसल्या. एखादी मात्रा चुकली तर चालेल, हे डॉक्टरीणबाईंना विचारून घेतलं होतं. हुकूम एकच. पेशंटच्या तोंडात बाहेरचं काही जाता कामा नये, आणि गेलं नाही तर ते काय होतं, हे कळलं पाहिजे.

दुपारी मावशी आली. हवालदारबाईंनी नंतर मला जे सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत देतो.

"सर, बाई आली ती आख्ख्या वार्डाची पाहुणीच जणू. डब्यात मेथीचं लाडू. नर्सला एक, आजीला एक, मला एक. 'घे पोरी, सासूची सेवा करतीस, कंबर धरली आसंल.' मी खाल्ला. कडू, पर गुणाचा. आमच्यात बाळंतिणीला द्येत्यात तसा. मग डब्यातनं निराळा काढला. त्याला वर लवंग टोचलेली. तो वाटीत कुस्करून दुधात भिजवाय लागली. मी म्हनलं, मावशी, मला तो लवंगवाला द्या की, दात दुखतोय. तर बाईनं वाटी पदराआड घेतली. 'न्हाई न्हाई, त्यो त्याचा.' सर, सगळ्यांला हात सैल सोडून देनारी बाई एका लाडवासाठी हात आखडती म्हंजी काय? मी वाटी काढून घेतली आन् आजीच्या सुनेचं काम तिथंच संपलं."

तपासात पंचनामे, फोनचे तपशील, कॅमेरे, सगळं उपयोगाला येतं. पण उदार माणूस नेमका कुठे कंजूष होतो, यावर नजर ठेवणारा हवालदार मिळाला तर बाकीचं बरंच वाचतं.

मावशीला आम्ही ठाण्यात आणलं. ऊन अजून चांगलं होतं. बाईमाणसाला दिवस मावळल्यावर ठाण्यात बोलवत नाहीत. हवालदारबाईंना शेजारी बसवलं. मावशीने पहिल्यांदा समोर आलेला चहा पाहिला.

"ह्यो च्या कुणी केला?"

"टपरीवरून आलाय."

"तरीच. पानी नुसतं. सायब, तुमी दिसभर हे पिता?"

"मावशी, लाडवात काय घातलं होतं?"

"मेथी, डिंक, खारीक, खोबरं, गूळ, तूप. तूप बी घरी कढवलेलं."

"आणि?"

"आन् काय? मया."

"मयेची गोळी कुठल्या मेडिकलमध्ये मिळते?"

तिने चहा बाजूला सरकवला. मग पदर तोंडाला लावून म्हणाली, "म्या त्याला इख न्हाई दिलं, सायब. वषाद दिलं."

बोलायला लागली तेव्हा कळलं की मला अपेक्षित असलेला एकही आरोपी या गोष्टीत नाही. शेडमध्ये काम करणारी ही पोरं अंगदुखीसाठी गोळ्या घेत. त्यांच्यात तिला 'अंगाची गोळी' म्हणत. जवळच्या एका मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळायची. डबल ड्युटीला गोळी, ओव्हरटाइमला गोळी, मग हळूहळू सुट्टीच्या दिवशीही गोळी. कंपनीत कळलं तर नोकरी जाते, म्हणून तोंडावर कुलूप. जखम झाली तेव्हा याच गोळ्यांनी पायाचं दुखणं झाकलं. हॉस्पिटलात आल्यावर गोळी एकदम तुटली.

"त्यो आस्सा थरथरायचा, सायब. घामानं न्हाऊन निघायचा, नाक-डोळं गळायचं, हातपाय झाडायचा. रूमवर एकदा गोळ्या सरल्या व्हत्या तवा आसंच झालं व्हतं. पोरांनी कुटून तरी एक आनून दिली, तर लेकरू उठून दोन भाकरी जेवलं. मला वाटलं, हितं ह्यांनी त्याची गोळी तोडली आन् म्हून त्याला ताकद धरंना. रूमवरचा वकील म्हनला, डॉक्टरला सांगू नगंस, पोलीस केस व्हईल, त्याची नोकरी जाईल. मंग म्या लाडवात घातली. मेथी कडू, गोळी कडू. कुनाला कळतंय?"

"लवंग कशाला?"

"दुसऱ्या कुनाच्या पोटात गेली मंजी? मला काय अक्कल न्हाई का?"

मी हवालदारबाईंकडे पाहिलं. त्या छताकडे पाहत होत्या.

लाडवात एक गोळी, दिवसाला दोन लाडू, इतकं मावशीला माहीत होतं. पण आधी तो स्वतः किती घेत होता, हे तिला ठाऊक नव्हतं. ते ठाऊक होतं रूमवरच्या पोरांना, आणि त्यांचा प्रवक्ता होता वकील. हा खरा वकील नव्हे. बीएच्या पहिल्या वर्षाला एकदा प्राचार्यांशी वाद घातला होता, तेवढ्या भांडवलावर त्याला ही उपाधी मिळाली होती. त्याला दुसऱ्या खोलीत बसवला होता आणि दोन अंमलदार त्याच्यापुढे घामाघूम झाले होते.

"आमच्या रूमवर कुणी सुपारीसुद्धा खात नाही, साहेब."

"हे वाक्य तुम्ही पाठ केलंय का रे सगळ्यांनी?"

"कलम कुठलं लावताय ते आधी सांगा. संशयित म्हणून बोलावलंय की साक्षीदार म्हणून?"

"भावा, तुझा दोस्त मरायला टेकलाय. डॉक्टरला फक्त आकडा पाहिजे."

"दोस्त आहे म्हणूनच सांगतो, तो काहीच घेत नव्हता. लिहून घ्या."

दम देणं, समजावणं, बाहेर बसवून ठेवणं, पुन्हा आत घेणं. पोलिसांकडची सगळी हत्यारं बाहेर काढून झाली. भीतीने खोटं बोलणारा माणूस कधी ना कधी दमतो. मायेने खोटं बोलणारा दमत नाही, त्याला वाटतं तो काहीतरी चांगलं काम करतोय. घड्याळ पुढे सरकत होतं आणि हॉस्पिटलातून निरोप आला, की पेशंटला पुन्हा अतिदक्षता विभागात हलवलंय.

तो निरोप मी मावशीलाच सांगितला. लपवलं काहीच नाही. फौज दमलीय, ही गोळी तिला आणखी झोपवते, एकदम तोडलीही जात नाही, आणि आकडा नसेल तर डॉक्टरीणबाई अंधारात चाचपडणार, हे सगळं. तिने पदर कमरेला खोचला. मग उठली आणि कुणालाही न विचारता शेजारच्या खोलीत गेली. अंमलदार तिला अडवायला पुढे झाला, मी त्याला हाताने थांबवलं.

"वकिला," ती दारातूनच म्हणाली, "त्यो किती गोळ्या खायचा?"

"मावशी, तू गप्प बस. मी बोलतोय ना साहेबांशी."

"आज रातीपासनं चूल पेटनार न्हाई. तुजी न्हाई, कुनाचीच न्हाई. बोल."

कायद्यात या तंत्राला नाव नाही. वकिलाचा चेहरा पडला आणि पाठोपाठ डोळ्यांत पाणी आलं. रोजच्या चार, ओव्हरटाइमला सहा, डबल ड्युटी लागली तर आठसुद्धा. साधारण दिवाळीपासून. गोळीचं नाव, ताकद, सगळं त्याने सांगितलं. मी ते उभ्या उभ्या फोनवर डॉक्टरीणबाईंना कळवलं. पलीकडून फक्त "बरं" ऐकू आलं आणि फोन बंद झाला. एरवी चार पचवणाऱ्या शरीराला आता दोनही जड जात होत्या, हे बाईंनी मला नंतर समजावलं.

फोन ठेवल्यावर वकील हळूच म्हणाला, "साहेब, आम्ही सगळेच घेतो."

"तू किती?"

"तीन. मी जरा कंट्रोलमध्ये आहे."

मावशीने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. पोलीस कोठडीत मारहाण झाली असं म्हणायला जागा होती, पण तक्रार आली नाही.

त्यानंतरचे दिवस आमच्या हातात काहीच नव्हतं. हे पोलिसांना फार जड जातं. डॉक्टरीणबाईंनी दुसरं औषध मोजून सुरू केलं, तेही दिवसागणिक कमी करत नेलं, छातीच्या संसर्गाची औषधं बदलली. मावशी अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर बसून असायची, रिकाम्या हाताने. मी जाता-येता डोकवायचो. एकदा डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि तिच्या शेजारीच बसल्या. दोघींची ही पहिलीच समोरासमोर भेट. मला वाटलं आता भांडण होणार, म्हणून मी जवळ सरकलो.

"म्याच मारलं आसतं ना त्याला?" मावशीने विचारलं.

"निम्मी चूक त्याची," बाई म्हणाल्या. "त्याने मला खोटं सांगितलं. निम्मी तुमची. उरलेली माझी."

"निम्मी आन् निम्मी झाली की पुरं. तुजी कुटून उरली?"

"तो थरथरत होता ना, तेव्हा मी सगळं संसर्गाच्या खात्यावर टाकलं. पुन्हा एकदा जवळ बसून, नीट विचारायला हवं होतं."

मावशीने त्यांचं मनगट धरून पाहिलं. "लई वाळलीस बघ तू," ती म्हणाली. "जेवतीस का न्हाई?"

पेशंट वाचला. एक दिवस त्याने डोळे नीट उघडले, बाहुल्या पुन्हा नेहमीच्या आकाराच्या होत्या, आणि त्याने पहिलं विचारलं ते शिफ्टचं. डॉक्टरीणबाईंनी मला तो प्रसंग सांगताना वापरलेला शब्द छापता येणार नाही.

दरम्यान आमच्या वरिष्ठांना या प्रकरणात उज्ज्वल भवितव्य दिसलं होतं. मेडिकलवर छापा घातला, चिठ्ठीशिवाय विकायला ठेवलेल्या गोळ्यांची पाकिटं जप्त केली, अन्न व औषध प्रशासनाला कळवलं. हे सगळं योग्यच होतं. पण त्यानंतर पत्रकार परिषद झाली. 'अमली पदार्थांच्या जाळ्याचा पर्दाफाश' असा मथळा वरिष्ठांनी स्वतःच सुचवला. टेबलावर पाकिटं पंख्यासारखी मांडली, तरी टेबल रिकामं दिसेना. म्हणून शेवटी लाडवांचा स्टीलचा डबाही ठेवला. मागे आम्ही दहाबारा अधिकारी छाती काढून उभे. एका पत्रकाराने विचारलं, "डब्यात काय आहे?" वरिष्ठ म्हणाले, "तपास चालू आहे." तो डबा नंतर मुद्देमाल कक्षात गेला आणि मुंग्यांचा विषय तिथूनच पुढे आला.

मावशीचं काय करायचं, हा खरा पेच होता. दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणारी कृती तिने केली होती, यात वाद नाही. त्यातून हेतूचा मुद्दा होता. मी पेशंटचा पुरवणी जबाब घ्यायला गेलो. तो उशीला टेकून बसला होता, पायाला पट्टी.

"लाडवातल्या गोळ्या मीच मागितल्या होत्या," तो म्हणाला.

"तू शुद्धीत नव्हतास."

"मधेमधे होतो."

"मावशी म्हणते तुला माहीतच नव्हतं."

"मावशीला काय कळतंय, साहेब? अंगठेबहाद्दर बाई ती." हे बोलताना तो खिडकीकडे पाहत होता. "ती आत गेली तर पोरांना जेवायला कोण घालणार? लिहा ना, मीच मागितल्या."

कोण खोटं बोलतंय हे मला पक्कं कळत होतं. पेशंटने दिलेला जबाब मी त्याच्या शब्दांत नोंदवून घेतला, मावशीचाही तिच्या शब्दांत, आणि दोन्ही न्यायालयापुढे ठेवले. कोण खरं ते ठरवणं न्यायालयाचं काम. मावशी साक्षीदार झाली. मेडिकलवाल्यावर आणि शेडमालकावर रीतसर खटले झाले. रॅलीसुद्धा निघाली. तिच्या अग्रभागी शेडमालक होते.

रूमवरच्या पोरांना डॉक्टरीणबाईंनी एकेक करून आपल्या ओळखीच्या तज्ज्ञाकडे पाठवलं. त्यात वकिलाला सर्वांत जास्त त्रास झाला. कंट्रोलमध्ये असलेल्या लोकांना तो जास्त होतो, असं मला सांगण्यात आलं. आमचा पेशंट पाय किंचित ओढत चालतो. सध्या चाकणला एका कंपनीत माल तपासायच्या विभागात बसून काम करतो.

मी आता रावेतला राहतो. सकाळी फिरायला जातो तेव्हा बरोबरीचे निवृत्त लोक गुन्हेगारीचं मूळ कशात असतं, यावर माझं मत विचारतात. त्यांना लोभ, सूड, वासना असं काही ऐकायचं असतं. मी नोकरीभर तेच पाहिलं, नाही असं नाही. पण या तपासाने मला शिकवलं ते निराळं. माणूस आतून पोखरला जातो तो नेहमी शत्रूच्या हातून नाही. त्याचं दुखणं झाकणारे, त्याची लाज राखणारे, त्याला चार घास जास्त भरवणारे हातही त्यात असतात. त्या हातांना बेड्या घालता येत नाहीत आणि मोकळंही सोडता येत नाही. त्यांना शेजारी बसवून खरं सांगावं लागतं, आणि ते सांगायला वेळ काढावा लागतो. शरीराची फौज असो की पोलिसांची, तिला आपल्याच घरातून येणारा धोका सर्वांत उशिरा दिसतो.

हॉस्पिटलने या प्रकरणातून गंभीर धडा घेतला. प्रत्येक मजल्यावर लाल अक्षरांत पाटी लागली, की रुग्णासाठी बाहेरील कोणताही खाद्यपदार्थ आणण्यास सक्त मनाई आहे. पाटीचं काटेकोर पालन होतं. मावशीला ती लागू होत नाही, कारण हॉस्पिटलचं कॅन्टीन आता तीच चालवते.